कोकमाची साल, निलगिरीचे झुडूप आणि जमालगोटा : केमिकल पीलच्या इतिहासातील तीन चुकलेल्या ओळखी

म्हैसूर संस्थानच्या राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा मॅन्शन या प्रशस्त वाड्यात २१ ऑक्टोबर १९५० रोजी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. सीएफटीआरआय या नावाने ती आज देशभर ओळखली जाते. तिथे १९६०च्या दशकात वाय. एस. लुईस आणि एस. नीलकांतन हे रसायनशास्त्रज्ञ एका काळ्या, सुरकुतलेल्या, कमालीच्या आंबट सालीचा अभ्यास करीत होते. केरळात ती माशाच्या कालवणात पडते आणि तिला कुडमपुळी म्हणतात. कर्नाटकाच्या घाटमाथ्यावर तिचे नाव उप्पगे. इंग्रजांनी तिला मलबारी चिंच म्हटले. चिंचेशी तिचे काडीचेही नाते नाही. ती गार्सिनिया या प्रजातीतील फळाची साल, म्हणजे कोकणच्या कोकमाची सख्खी बहीण.

प्रश्न साधा होता : या सालीत आंबटपणा कशाचा? आधीच्या शोधनिबंधांत उत्तर तयार होते. टार्टारिक आम्ल आणि सायट्रिक आम्ल, म्हणजे अनुक्रमे चिंचेतले आणि लिंबातले. कोकमाबाबत मॅलिक आम्लाचे, म्हणजे सफरचंदातल्या आम्लाचे नाव घेतले जात असे. लुईस आणि नीलकांतन यांनी १९६४-६५मध्ये दाखवून दिले की मलबारी चिंचेतले मुख्य आम्ल यांपैकी कोणतेच नाही. ते होते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल : सायट्रिक आम्लाच्या रेणूवर एक जादा हायड्रॉक्सिल गट, आणि तोही अवकाशात एका ठरावीक बाजूला वळलेला. या रेणूच्या चार घडणी संभवतात. गार्सिनियात त्यांतली एक आढळते आणि लाल अंबाडीत दुसरी.

ही फसगत समजण्यासारखी आहे. कागदी क्रोमॅटोग्राफीत आम्ल ओळखायचे ते कागदावर किती अंतर सरकले यावरून. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल तर आटवताना स्वतःच्याच शेपटीला चावा घेतल्यासारखे वळते आणि लॅक्टोन नावाचे कडे तयार करते. मग एकाच पदार्थाचे दोन ठिपके उमटतात आणि ते दोन निराळी आम्ले वाटू शकतात. पुढे १९९८ आणि २००२मध्ये याच संस्थेतील जयप्रकाश आणि साकरिया यांनी अधिक काटेकोर द्रव क्रोमॅटोग्राफीने मोजमाप केले, तेव्हा कोकमाच्या सालीतही हेच आम्ल प्रमुख निघाले, सुमारे १० ते १३ टक्के. कोकणातल्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या सोलकढीवर वाढल्या, तिच्यातल्या आंबटाचे खरे नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

चेहऱ्याच्या त्वचेवर लावल्या जाणाऱ्या आम्लांचा, म्हणजे आज ज्याला सरसकट ‘केमिकल पील’ म्हणतात त्या उपचाराचा इतिहास अशाच चुकलेल्या ओळखींनी भरलेला आहे. योगायोग असा की त्यातली काही महत्त्वाची द्रव्ये म्हैसूरच्या आसपासच्या डोंगरांत आणि भारतीय वैद्यकाच्या जुन्या पेटीतच सापडतात.

पील म्हणजे काय, ते आधी पाहणे आवश्यक आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. शृंगस्तर हे त्याचे शास्त्रीय नाव. या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाचण्यांनी जोडलेल्या असतात. सौम्य आम्ल त्या टाचण्या सैल करते आणि पेशी एरवीपेक्षा लवकर झडतात. तीव्र आम्ल याहून पुढे जाऊन जिवंत पेशींतील प्रथिने गोठवते. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक जसा घट्ट होतो तसाच हा प्रकार, आणि त्वचेवर तो पांढऱ्या दहिवरासारखा दिसतोही. म्हणजे पील ही मोजून केलेली इजा आहे. त्यानंतर जे घडते ते शरीराने केलेले दुरुस्तीचे काम असते. इजा बाह्यत्वचेपुरती राहिली तर पील वरवरचा, अंतस्त्वचेच्या वरच्या भागात पोचली तर मध्यम, त्याहून खाली उतरली तर खोल. खरे वर्गीकरण खोलीचे. द्रव्यांची नावे त्यानंतर येतात.

आंबट दूध त्वचेला लावण्याची प्रथा प्राचीन इजिप्तपासून सांगितली जाते. क्लिओपात्राच्या दुग्धस्नानाची कथा मात्र कथाच मानलेली बरी. आंबटपणाला रासायनिक नावे मिळाली ती कार्ल विल्हेल्म शेले या औषधविक्रेत्या स्वीडिश रसायनज्ञाच्या हातून. १७६९मध्ये टार्टारिक, १७८०मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक, १७८४मध्ये लिंबातून सायट्रिक आणि पुढच्याच वर्षी सफरचंदातून मॅलिक आम्ल त्याने वेगळे केले. आज सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर छापलेल्या ‘फळांच्या आम्लां’पैकी निम्मी यादी त्या एका माणसाच्या टेबलावरून गेलेली आहे.

त्वचारोगतज्ज्ञांचे लक्ष मात्र प्रथम या सौम्य आम्लांकडे गेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नात फर्डिनांड हेब्रा वांग आणि चेहऱ्यावरील ठिपके घालवण्यासाठी दाहक द्रव्ये जपून वापरत होते. १८८२मध्ये हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सन उना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांचा त्वचेवरील परिणाम मांडला. या चौघांपैकी एकही आज पूर्ण निवृत्त झालेले नाही.

उनांच्या निबंधाच्या सुमारे दहा वर्षे आधी, यांतली दोन द्रव्ये म्हैसूरपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या उटकमंडला एका झुडपातून निघत होती. जॉन ब्रॉटन हे मद्रास सरकारचे सिंकोनारसायनज्ञ. सिंकोनाच्या सालीतून हिवतापावरचे क्षार काढणे हे त्यांचे मुख्य काम. निलगिरीच्या उतारांवर वाढणाऱ्या गॉल्थेरिया या झुडपाच्या पानांतून उग्र वासाचे तेल निघते, आणि ते जवळजवळ संपूर्णपणे मेथिल सॅलिसिलेट असते. सांधेदुखीच्या मलमाचा ओळखीचा वास तो हाच. या तेलापासून सॅलिसिलिक आम्ल मिळते आणि ते चुन्याबरोबर तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन मागे कार्बॉलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल उरते. ब्रॉटन यांनी १८७१च्या सुमारास सुचवले की शस्त्रक्रियेत लागणारे कार्बॉलिक आम्ल भारतात अशा रीतीने बनवता येईल आणि ते कोळशाच्या डांबरातल्या मालापेक्षा शुद्ध असेल. शुद्ध होते, पण महाग पडले. डांबराने बाजी मारली. जर्मनीत हेर्मान कोल्बे यांच्या पद्धतीने तर उलटाच रस्ता धरला : फिनॉलपासूनच सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात बनू लागले.

हे दोन रेणू रसायनशास्त्रात शेजारी असले तरी त्वचेवर त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. सॅलिसिलिक आम्ल तेलात मुरते, त्यामुळे ते तैलग्रंथींच्या तोंडापर्यंत शिरते. मुरमांच्या त्वचेसाठी ते आजही नेहमीचे आहे. ते पोचते मात्र वरवरच. फिनॉल खोल जाते, रक्तात शिरते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. न्यूयॉर्कचे जॉर्ज मॅकी १९०३पासून मुरमांच्या व्रणांसाठी फिनॉल वापरत होते. त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो १९५२मध्ये. जवळजवळ अर्धशतकाचे हे मौन वैद्यकाच्या इतिहासात विलक्षणच म्हणावे लागेल. ती जागा मधल्या काळात डॉक्टर नसलेल्या व्यावसायिकांनी भरून काढली. लॉस एंजेलिस आणि मायामीत गुप्त पाककृतीच्या मिश्रणांनी श्रीमंत गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या काढण्याचा धंदा जोरात होता. डॉक्टर त्याला तुच्छ लेखत, पण परिणाम पाहून चक्रावतही.

अखेर १९६१-६२मध्ये मायामीचे प्लॅस्टिक सर्जन थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन यांनी एक कृती उघडपणे प्रसिद्ध केली. फिनॉल, पाणी, द्रवसाबण आणि क्रोटन तेलाचे तीन थेंब. बेकर-गॉर्डन पील म्हणून तिचे नाव झाले आणि पुढची चार दशके खोल पीलचे ते प्रमाण मानले गेले. फिनॉल हा मुख्य कर्ता. पाणी घालून ते विरळ केले की ते अधिक खोल जाते. क्रोटन तेल आपले साहाय्यक. असे धडे पाठ्यपुस्तकांत छापले गेले आणि विद्यार्थ्यांनी ते घोकले.

क्रोटन तेल म्हणजे जमालगोट्याच्या बियांचे तेल. आयुर्वेदातील जयपाल तो हाच. जालीम रेचक म्हणून त्याची कीर्ती एवढी की ‘जमालगोटा देणे’ हा शब्दप्रयोग विनोदी नाटकांतही चालतो. इच्छाभेदी रसासारख्या कल्पांत तो पडतो, पण त्याआधी त्याचे शोधन करावे असा रसशास्त्राचा दंडक आहे. हे तेल कातडीला लागले तर फोड येतात, हे त्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. आधुनिक रसायनशास्त्राने त्यामागचा रेणुसमूहही शोधला : फोर्बॉल एस्टर. प्रयोगशाळेतील उंदरांच्या त्वचेवर कर्ककारक द्रव्यानंतर हे तेल वारंवार लावले की गाठी वाढतात, असे १९४०च्या दशकातील प्रयोगांत दिसले होते. इतक्या प्रखर द्रव्याचे तीन थेंब एका छोट्याशा मिश्रणात पडत असताना ते निव्वळ साहाय्यक कसे असेल, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

तो विचारला ग्रेगरी हेटर यांनी. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार भागांच्या निबंधात या अमेरिकी शल्यचिकित्सकाने जुन्या पाककृतींचा माग काढला, थेंबांचे टक्के केले आणि क्रोटन तेलाचे प्रमाण बदलून परिणाम पाहिले. निष्कर्ष पाठ्यपुस्तकाच्या उलट निघाला. पील किती खोल जातो आणि जखम भरायला किती दिवस लागतात, हे मुख्यतः जमालगोट्याच्या तेलावर ठरत होते. ‘तीन थेंब’ हेच जर मोजमाप असेल, तर ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो आणि थेंब बदलला की चेहरा. चाळीस वर्षे डॉक्टर ज्या द्रव्याला श्रेय आणि दोष देत होते, त्याच्या शेजारी उभे असलेले दुसरेच द्रव्य बरेचसे काम करीत होते. म्हैसूरच्या सालीतही हेच घडले होते. फरक एवढाच की तिथे कोणाचा चेहरा पणाला लागलेला नव्हता.

सौम्य आम्ले दवाखान्यात आली ती एका वेगळ्याच दाराने. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि रसायनज्ञ रुए यू हे इक्थायोसिसवर काम करीत होते. या रोगात शृंगस्तर झडत नाही. माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे अंगावर साचत जातात. साठाहून अधिक पदार्थ तपासल्यावर त्यांना आढळले की गुण देणाऱ्यांत एका रासायनिक कुटुंबाची गर्दी आहे : ग्लायकॉलिक, लॅक्टिक, मॅलिक, टार्टारिक, सायट्रिक. १९७४मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि अल्फा हायड्रॉक्सी आम्ले, म्हणजेच एएचए, हे नाव वैद्यकात रुजले. शेलेच्या टेबलावरची जुनी मंडळी दोनशे वर्षांनी एका दुर्धर रोगाच्या रुग्णांसाठी एकत्र आली होती. त्यांचा सुरकुत्यांशी आणि चेहऱ्याच्या ‘उजळपणा’शी संबंध नंतर जोडला गेला आणि त्यात बाजाराचा वाटा मोठा होता.

रचनेने पाहता गार्सिनियातले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लही याच कुळातले. पण त्याचे नशीब वेगळे निघाले. यकृतात चरबी तयार होण्याच्या साखळीतला एक एन्झाइम ते अडवते असे १९६९मध्ये दिसल्यावर ते वजन घटवण्याच्या गोळ्यांत गेले. १९९८मध्ये १३५ जणांवर बारा आठवडे झालेल्या नियंत्रित चाचणीत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. गोळ्यांचा खप तेवढ्याने थांबला नाही, हे सांगायला नकोच.

‘फळातले आम्ल’ हा शब्द घरगुती वाटतो आणि नेमकी तिथेच गफलत होते. चिंचेने तांब्यापितळेची भांडी लख्ख होतात, मग चेहरा का नाही, हा तर्क पुष्कळ घरांत चालतो. भांड्यावर आम्ल धातूचे ऑक्साइड विरघळवते. खाली उरलेले पितळ जिवंत नसते, त्याला दाह होत नाही. लिंबाच्या रसाचा पीएच २च्या आसपास, त्वचेच्या पृष्ठभागाचा ५च्या जवळपास. पीएचचे माप लघुगणकी असल्यामुळे या दोहोंत आम्लतेचा फरक हजारपटींच्या घरातला आहे. शिवाय लिंबू वर्गातील फळांच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती अंगाला लागून ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे चट्टे राहतात. डाग घालवायला लावलेले लिंबू अशा रीतीने नवा डाग देऊन जाते.

दवाखान्यातल्या बाटलीवरचा आकडाही अर्धीच गोष्ट सांगतो. ग्लायकॉलिक आम्लाचे ७० टक्के म्हणजे किती तीव्र, याचे उत्तर पीएच कळल्याशिवाय देता येत नाही. पीएच ३.८ असताना त्या आम्लाचे निम्मे रेणू मुक्त आणि निम्मे क्षाररूपात असतात, आणि त्वचेत सहज शिरतात ते मुक्त रेणू. पीएच १च्या खाली असलेले तेच ७० टक्के वेगळेच अस्त्र असते. म्हणून अमेरिकेतील प्रसाधनघटकांच्या तज्ज्ञ समितीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती वापरासाठी दोन्ही आकडे एकत्र बांधले : आम्ल १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५पेक्षा कमी नाही. रेणूच्या आकाराचीही बाब आहे. ग्लायकॉलिक हा या कुटुंबातला सर्वांत छोटा, म्हणून चटकन घुसणारा. कडू बदामातून १८३१मध्ये सापडलेले मँडेलिक आम्ल थोराड, म्हणून सावकाश जाणारे. सावकाशपणा हा इथे गुण ठरतो, विशेषतः सावळ्या त्वचेत.

आणि या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव तीच आहे. उना, मॅकी, बेकर यांच्यासमोर बव्हंशी गोरे चेहरे होते. १९७५मध्ये टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी त्वचेचे प्रकार पाडले, तेही आरंभी गोऱ्या त्वचेचेच, चार. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. बहुसंख्य भारतीय चौथ्या ते सहाव्या प्रकारांत मोडतात. अशा त्वचेतील रंजकपेशी संख्येने जास्त नसतात, पण त्या अधिक तत्पर असतात. दाह झाला की त्या अधिक मेलॅनिन बनवतात आणि ते कधी खालच्या थरात सांडते. गोऱ्या चेहऱ्यावर चार दिवसांची लाली ज्या पीलने येईल, त्यानेच सावळ्या चेहऱ्यावर चार महिन्यांचा काळा डाग येऊ शकतो. खोल फिनॉल पीलने उलट रंजकपेशीच मरतात आणि पांढुरके चट्टे राहतात, कधी कायमचे. वांग हा भारतीय स्त्रियांना सतावणारा विकार. त्यावर पीलचा उपयोग होतो, पण तो ऊन टाळणे आणि लावायची औषधे यांच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने. आणि तो परततोही. जन्मजात वर्ण बदलण्याची ताकद कोणत्याही पीलमध्ये नाही. तरीही जाहिरातीत विकला जातो तो नेमका हाच वायदा.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, २००८मध्ये पीलसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. या अनुभवाला लेखी रूप येण्यातला तो एक टप्पा होता. सावळ्या त्वचेसाठी आज रुळलेली पद्धत अशी आहे : वरवरच्या पीलपासून सुरुवात, अनेक आठवड्यांच्या अंतराने बैठका, काही आठवडे आधीपासून त्वचेची तयारी, ऊन चुकवणे आणि खोल फिनॉल पील शक्यतो टाळणे. तोंडातून रेटिनॉइड घेणारे, नागिणीच्या कुळातील विषाणूंचा ओठांवर वारंवार त्रास होणारे किंवा व्रण वाढण्याची प्रवृत्ती असणारे रुग्ण आधीच हेरावे लागतात. आम्ल थांबवण्याची रीतही द्रव्यागणिक बदलते. ग्लायकॉलिक वेळेवर सोड्याच्या द्रावणाने उदासीन करावे लागते, नाहीतर ते काम करीतच राहते. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल त्वचेतील प्रथिनांशी भिडून आपोआप संपते. एकदा पांढरे दहिवर धरले की सोडा ओतून काही परत मिळत नाही. घड्याळाकडे पाहायचे की चेहऱ्याकडे, हे आधी ठाऊक असावे लागते ते यासाठीच.

जुलै २०२४मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्राहकांना इशारा दिला की घरबसल्या मागवता येणाऱ्या तीव्र पीलच्या बाटल्या वैद्यकीय देखरेखीशिवाय वापरू नयेत. त्यांनी भाजल्याच्या आणि व्रण राहिल्याच्या घटना घडतात. त्या यादीत ग्लायकॉलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक ही सारी जुनी नावे होती. पार्सलने आलेल्या बाटलीबरोबर तो सोडा, ते घड्याळ आणि चेहरा वाचणारी नजर येत नाही. त्वचारोगतज्ज्ञ अजूनही पहिल्या भेटीत बऱ्याचदा कानामागे बोटभर जागेवर आम्लाचा एक फराटा ओढतात आणि रुग्णाला घरी पाठवतात. चेहऱ्याला हात लावायचा की नाही, हे ती बोटभर जागा काही दिवसांनी सांगते.